उंदराच्या पोटातला नेचा

संग्रहालयात लोक यायचे ते देवमाशाचा सांगाडा बघायला. त्या सांगाड्याच्या शेपटीकडून डावीकडे वळलं की एक दार होतं, त्यावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी, आणि लोकही असे आज्ञाधारक की एकवीस वर्षांत आत कुणी म्हणून आलं नाही. दाराआड जी बाई बसायची तिला सगळे उंदीरबाई म्हणत. तोंडावर नाही हां, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण पाठीमागे काय चालतं ते तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. तिच्या ताब्यात लहान सस्तन प्राण्यांची कातडी होती. चिचुंद्र्या, वटवाघळं, खारी, उंदीर. पोटात कापूस नाहीतर पेंढा भरलेली, पायाला चिठ्ठी बांधलेली, खणाखणांतून निजवलेली सहा हजार कातडी. आता अशा बाईला उंदीरबाई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

ती एकटी होती. हे मी गोल गोल फिरवून सांगत बसत नाही. लग्न झालं नव्हतं, आईवडील गेले होते, भाऊ-वहिनी दुसऱ्या शहरात. रविवारी सकाळी पुतणीचा फोन यायचा. “आत्या, बरी आहेस ना?” “बरी आहे.” “गुडघा?” “गुडघाही बरा.” मागून वहिनी काहीतरी बोलायची, पुतणी म्हणायची, “आई म्हणतेय, ये एकदा.” उंदीरबाई म्हणायची, “बघते.” झाला फोन. त्यानंतर सोमवारी सकाळी दारावरचा पहारेकरी ‘नमस्कार बाई’ म्हणेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि कधीकधी त्याला उत्तर देताना तिचा आवाज असा घोगरा निघायचा की पहारेकरी विचारायचा, सर्दी झालीय का.

वरच्या मजल्यावर वाळवलेल्या वनस्पती होत्या, आणि त्यांच्यात नेच्यांचे गठ्ठे घेऊन एक गृहस्थ बसायचे. नेचा म्हणजे ते दमट भिंतीवर, विहिरीच्या आतल्या कडेला उगवतं ना, पिसासारख्या पानांचं, फूल कधीच न येणारं, ते. या गृहस्थांना सगळे पाचोळेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण इतकं चिकटलं होतं की एकदा नव्या कारकुनाने सरकारी पत्रावर तेच घातलं आणि साहेबांनी मुकाट्याने सहीही केली.

पाचोळेसाहेबांचं एक वेड होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या संग्राहकाने या संग्रहालयाची निम्मी कपाटं भरली, त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं होतं की शहराबाहेरच्या डोंगराच्या उत्तर अंगाला एक नेचा दिसला, पानाच्या पाठीला चांदीसारखी झाक, भरपूर तोडून आणला. भरपूर तोडून आणला म्हणे. पण संग्रहालयात त्याचं एक पान सापडेल तर शपथ. पाचोळेसाहेब तीस वर्षं तो डोंगर चढले. काट्यांनी फाटलेल्या विजारी घेऊन परत आले. लोक जिन्यात विचारायचे, “काय साहेब, भेटला का?” आणि ते म्हणायचे, “आज घरी नव्हता.” हसायचे सगळे. हसता हसता तीस वर्षं गेली, आणि आता तीन महिन्यांत साहेब निवृत्त होणार होते. जाण्याआधी त्यांना नेच्यांची यादी छापायला द्यायची होती. त्या यादीत या नेच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. पुरावा मिळाला तर चिन्ह जाणार होतं, नाही मिळाला तर नेचाच जाणार होता.

तर अशात एका सोमवारी उंदीरबाईच्या हातात एका झाडउंदराच्या पोटाची शिवण उसवली. बोटाएवढा उंदीर, शेपटी झुपकेदार, आणि त्या जातीचं जगातलं एकुलतं एक कातडं. तिने भिंग लावून पाहिलं. आत कापूस नव्हता. पेंढाही नव्हता. काळपट-तपकिरी काड्या होत्या, चुरगळलेल्या पानांच्या शिरा होत्या. पायाच्या चिठ्ठीवर त्या संग्राहकाची सही, त्याच डोंगराचं नाव, आणि तारीख रोजनिशीतल्या नोंदीच्या दुसऱ्या दिवशीची. त्या संग्राहकबाबाचा कापूस संपला असणार. मग जवळ जे भरपूर होतं ते त्याने भरलं.

तिने वरच्या मजल्यावर फोन लावला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

“साहेब, मी खालून बोलतेय. माझ्या उंदराच्या पोटात तुमचं काहीतरी आहे.”

फोन तिकडे तसाच लटकत राहिला आणि जिन्यावर धडधड ऐकू आली.

पण एवढ्याने काम होणार नव्हतं. संचालक मॅडम, वयाने दोघांच्या निम्म्या आणि कामाला वाघीण, म्हणाल्या, “कातडं कापायचं नाही. आधी मला तौलनिक टिपण द्या. एका रकान्यात उंदीर, एका रकान्यात नेचा. कोण जास्त दुर्मीळ, कोणाची अवस्था काय, एकासाठी दुसऱ्याला धक्का लावणं योग्य का. आणि पुरावा द्या की तो तोच नेचा आहे.” उसवलेल्या शिवणीतून चिमट्याने जेवढं निघेल तेवढंच काढायला परवानगी मिळाली. कातडं सव्वाशे वर्षांचं, पापडासारखं झालेलं. दिवसाला चार-पाच काड्या निघाल्या तरी खूप. उंदीरबाईच्या खोलीत पश्चिमेची एक खिडकी होती आणि तिच्यातून चार वाजता तासभर सरळ ऊन यायचं. तेव्हा ठरलं, रोज चार वाजता.

पहिल्या दिवशी पाचोळेसाहेब खुर्चीच्या कडेवर बसले, पाहुण्यासारखे. दुसऱ्या दिवशी नीट टेकून बसले. चिमटा तिच्या हातात, कारण उंदीर तिचा. काढलेली काडी ती कागदावर ठेवायची, साहेब ती आपल्या वाळवलेल्या पानांशी ताडून बघायचे. मधे टिपणाचे रकाने भरायचं काम चालायचं, आणि तिथे मात्र दोघांना चेव चढायचा.

“हालचाल,” साहेब म्हणायचे. “उंदीर: एके काळी होती. नेचा: कधीच नव्हती.”

“हे काय लिहिता? मॅडम ओरडतील.”

“खरं आहे की नाही ते सांगा. माझा नेचा शंभर वर्षं एका जागी उभा राहील, तुमचा उंदीर एका जागी दोन मिनिटं बसेल का?”

“माझा उंदीर सापडला तरी,” ती म्हणायची. आणि आपणच बोललो का हे, असं तिला वाटायचं.

एकदा साहेब म्हणाले, “नेच्याला कुणी लागत नाही, बाई. फूल नाही, फळ नाही, भुंगा नाही, पाखरू नाही. पानाच्या पाठीवर ठिपक्यांत धूळ धरते, ती उडते, पडते तिथे जमलं तर उगवतो.”

“बरं आहे की मग त्याचं.”

“ओल लागते. ओल गेली की पान आतल्या आत वळतं. मेलेलं नसतं, नुसतं वळलेलं.” आणि मग, “तुमच्या उंदराचं काय?”

“याचे जातभाई झाडउंदीर थंडीत एका ढोलीत पाच-सहा मिळून झोपतात. एकमेकांच्या अंगावर.”

“मग हा एकटाच कसा मिळाला?”

“एकटा होता म्हणूनच मिळाला,” ती म्हणाली.

चौथ्या दिवशी साहेब गेल्यावर ती शिवण झाकायला बसली. चिमट्याचं टोक कुठेतरी अडकलं. तिने हलकेच ओढलं, आणि बोटाच्या पेराएवढा पानाचा तुकडा सबंध बाहेर आला. घडी पडली होती म्हणून वाचला होता. तिने घडी उलगडून पाठ वर केली. चांदीची झाक होती. तीवर ठिपक्यांच्या दोन-दोन रांगा होत्या, साहेब रोज जशा हवेत बोटाने काढून दाखवायचे तशाच. देठाला खडकाचे बारीक पांढरे कण चिकटलेले होते.

एवढं पुरे होतं. चार काड्यांनी जे ठरणार नव्हतं ते या एका तुकड्याने ठरलं असतं. साहेब अजून जिन्यातच असतील. हाक मारायची, बस्स.

तिने हाक मारली नाही. तिच्या डोक्यात एवढंच आलं की उद्या चार वाजता कुणी येणार नाही. उद्याच काय, कधीच नाही. साहेब तुकडा घेऊन वर जातील, वरून अभिनंदनाचा आवाज येईल, आणि ती इथे डांबरगोळ्यांच्या वासात बसलेली असेल. तिने तुकडा एका पाकिटात घातला आणि पाकीट खणात, चिचुंद्र्यांच्या खाली ठेवलं. उद्या देऊ, असं तिने ठरवलं. खरंच ठरवलं होतं, उगाच तिला बदनाम कशाला करू. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी येताना आपल्या लहानपणी भावाने वहीत कशी गोगलगाय वाळवली होती ती गोष्ट सांगितली, आणि ती इतकी हसली की तिचा चष्मा खाली आला. त्या दिवशी कसं देणार? मग शुक्रवार होता. शुक्रवारी दिलं असतं तर शनिवार-रविवार गेले नसते.

असे अकरा आठवडे गेले. मूग गिळून बसणं कशाला म्हणतात ते तिला कळलं. ती रोज काड्या काढायची, मुद्दाम कमी काढायची. साहेब रोज भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, “असेलही. पण नसेलही.” त्यांच्या डोळ्यांखाली काळं व्हायला लागलं होतं. ते बघून तिच्या जिवाची घालमेल व्हायची, आणि चार वाजायला आले की हीच बाई खिडकीची काच पुसून ठेवायची. दोन्ही खरं होतं.

रविवारी पुतणी म्हणाली, “आत्या, तुझा आवाज छान येतोय हल्ली.”

“काम चालू आहे,” उंदीरबाई म्हणाली.

मग एका गुरुवारी साहेब आले ते उभेच राहिले. हातात यादीचे कागद होते.

“उद्या छापायला जाते यादी,” ते म्हणाले. “मी तो नेचा काढून टाकला, बाई. नुसत्या काड्यांवर मी सही करणार नाही. तीस वर्षं लोकांनी थट्टा केली ती सोसली, पण खोटं लिहून जाणार नाही. तो रोजनिशीवाला म्हातारा चुकला असेल. साधा कुठलातरी नेचा असेल आणि ऊन पडून चांदीसारखा दिसला असेल.” त्यांनी तिला कागद दाखवला. एका ओळीवर पट्टीने सरळ रेघ मारलेली होती. “तुम्ही मात्र फार मेहनत घेतलीत. तेवढं सांगायला आलो.”

त्या रेघेकडे बघून तिला भडभडून आलं. ती उठली, चिचुंद्र्या बाजूला केल्या आणि पाकीट साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी तुकडा कागदावर घेतला. पाठ वर केली. बसले. भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. त्यांचे ओठ रांगा मोजत होते. “आहे,” ते म्हणाले. “अहो, आहे हो.” आणि रुमाल शोधायला लागले.

एक मिनिटभर, जेमतेम एक मिनिट, तिला वाटलं की सुटले.

मग त्यांनी नोंद करायला पाकीट उलटं केलं. पाकिटाच्या पाठीवर तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: कातड्याचा क्रमांक, काढण्याची जागा, काढणाऱ्याची सही, आणि तारीख. त्या चौथ्या दिवसाची तारीख. तुम्ही म्हणाल, काय बाई मूर्ख आहे, लपवायचं आणि वर तारीख घालायची? पण चिठ्ठीशिवाय वस्तू ठेवायची नाही आणि चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही, हे एकवीस वर्षं हातात मुरलेलं होतं. चोरी करतानाही हाताने आपलं काम केलं होतं.

साहेबांनी तारीख वाचली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“अकरा आठवडे,” ते म्हणाले.

“हो.”

“देठाला खडकाची पूड आहे. पांढरी. म्हणजे मातीत नाही, वरच्या कड्यात, पाझराखाली उगवत होता. मी तीस वर्षं ओढ्याकाठी शोधला.” ते अगदी सावकाश बोलत होते. “अकरा आठवड्यांपूर्वी ओलीचे दिवस होते. पानं उघडलेली असतात तेव्हा. परवाना होता माझ्याकडे. गेलो असतो.”

“पुढच्या वर्षी—”

“पुढच्या वर्षी मी कोण? बंद डोंगर आहे तो, बाहेरच्याला सोडत नाहीत.” मग त्यांनी विचारलं, “का, बाई?”

तिने खोटं शोधलं नाही. “तुम्ही चार वाजता यायचात म्हणून,” ती म्हणाली. “मिळाला असता तर आला नसतात.”

साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग यावा असं तिला फार वाटत होतं, पण चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. त्यांनी तुकडा पाकिटात घातला, पाकीट यादीच्या कागदांत ठेवलं आणि दाराशी जाऊन थांबले.

“नुसतं या म्हणाला असतात,” ते म्हणाले, “तरी आलो असतो. मला तरी वर कोण होतं?”

दार लागलं. खिडकीतून अजून पुरतं अर्ध्या तासाचं ऊन यायचं होतं. ती त्यात बसून राहिली.

यादीत नेचा आला. ‘पूर्वी होता, पुरावा सापडला, सध्या आढळलेला नाही.’ खाली बारीक अक्षरात तिचं नाव होतं, शोधणारी म्हणून, आणि तारीख खरी, चौथ्या दिवसाचीच. साहेबांनीही चिठ्ठीत खोटं लिहिलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, मधले अकरा आठवडे तुकडा कुठे होता? साहेब म्हणाले, “आमची तुलना चालू होती.” उंदराला कापावं लागलं नाही. तिने त्याची शिवण घातली, सहा टाके, आणि खणात ठेवून दिला. चार वाजता खाली कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा तेव्हा ती मान वर करून छताकडे बघायची.

निरोपसमारंभ देवमाशाच्या सांगाड्याखाली झाला. मॅडम बोलल्या, पहारेकऱ्याने हार घातला, कुणीतरी विचारलं, “काय साहेब, भेटला का एकदाचा?” आणि साहेब म्हणाले, “भेटला. पण घर सोडून गेला होता.” सगळे हसले. उंदीरबाई शेपटीपाशी उभी होती, आपल्या दाराजवळ. लोक पांगले तसे तिने पाऊल उचललं, परत ठेवलं, परत उचललं. छातीत इतकं धडधडत होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली. साठीला टेकलेली बाई, आणि एका माणसासमोर जाऊन उभं राहायला ही तऱ्हा.

साहेब हार काढून पिशवीत कोंबत होते.

“मंगळवारी या,” ती म्हणाली. आवाज सोमवारसारखा घोगरा निघाला. तिने घसा साफ केला. “चार वाजता.”

“काय काम आहे?”

“काम काही नाही. या नुसते.”

साहेबांनी पिशवीचे बंद बांधले. एकदा बांधले, मग सोडून पुन्हा बांधले.

“बघतो,” ते म्हणाले.

बघतो म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वर्षानुवर्षं दर रविवारी तिने तेच म्हटलं होतं, आणि एकदाही गेली नव्हती. तरी ती आत येऊन कॅलेंडरापुढे उभी राहिली. शुक्रवार होता. मंगळवारला अजून चार दिवस होते.